आता बरं, की आधीचं?

सुहासमामांची रेज आली ती एक पूर्णांक एक दशांश सेकंदात.

केतकी परुळेकरने पडद्यावरचा तो आकडा वाचला, मग मामांनी पुढे सरकवलेला टोकनांचा ढीग पाहिला, आणि पुन्हा आकडा वाचला. ढीग मोठा होता. मामांनी जवळचे बहुतेक सगळे पणाला लावून बोली वाढवली होती. पण तिला खटकला तो आकडा. या गृहस्थांनी घराला कोणता रंग द्यायचा हे ठरवण्यात दोन दिवाळ्या घालवल्या होत्या. 'विचार करून सांगतो' हे वाक्य त्यांच्या तोंडी इतके बसले होते की कराडात त्यांच्या चष्म्याच्या दुकानाला काही जण त्याच नावाने ओळखत. असा माणूस डावातल्या सर्वांत अवघड जागी एका श्वासात निर्णय घेतो, याचे तिच्या व्यवसायात एकच स्पष्टीकरण होते: निर्णय त्याने घेतलेला नाही.

खेळ पोकरचा होता. प्रत्येकाकडे दोन झाकली पाने, मध्ये सर्वांसाठी पाच उघडी. सातांतून ज्याची पाच पाने भारी, तो जिंकला. मध्ये इस्पिक राजा, बदाम नव्वी, किलवर चौकी, चौकट दुर्री आणि किलवर नव्वी पडली होती. केतकीच्या हाती चौकट राजा व गुलाम होते, म्हणजे राजांची जोडी आणि नव्व्यांची जोडी. हात चांगला, पण निर्धास्त नव्हे. मामांकडे एखादी नव्वी असली तर ती हरणार होती.

'रविवार लीग' ही मुख्यतः निवृत्तांची, घरबसल्या पडद्यावर खेळायची स्पर्धा. पैशांचा व्यवहार नव्हता. गुण होते आणि सर्वांनी वाचावी अशी नावांची यादी होती. मामांनीच आग्रहाने केतकीला तिच्यात ओढले होते. आज उपान्त्य फेरीत नऊ जणांपैकी हे दोघे उरले होते. तिच्यासमोर चार बटणे होती. 'कॉल' म्हणजे बरोबरी करून पाने उघडायला लावणे. 'फोल्ड' म्हणजे हात टाकून देणे. तिसरे बटण 'हरकत': समोरचा खेळाडू यंत्राच्या सल्ल्याने खेळतो आहे असा आरोप. आरोप टिकला तर डाव आरोप करणाऱ्याचा, आणि समोरच्याच्या नावापुढे यादीत कायमचा शेरा: 'मनुष्य नाही'. शब्द कठोर होते. ते केतकीनेच सुचवले होते.

पुण्यातल्या 'निर्व्याज' या संस्थेत ती आठ वर्षे मनोमापनाचे काम करत होती, आणि हरकतींचा निवाडा करणारी 'विराम-चाचणी' मुख्यतः तिच्या हातची होती. जगज्जेत्यांना हरवणारी सल्लागार प्रणाली आता मनगटी घड्याळात मावत असे, त्यामुळे खेळाडू काय खेळतो यावरून तो माणूस आहे की नाही हे सांगणे अशक्य झाले होते. तो किती वेळाने खेळतो यावरून मात्र सांगता येत होते. दोन पर्यायांत मोठे अंतर असेल तर माणूस पटकन निवडतो. पर्याय तुल्यबळ होत जातात तसा तो रेंगाळतो. आडव्या अक्षावर अडचण आणि उभ्या अक्षावर वेळ मांडला, तर माणसाची रेषा चढत जाते. यंत्राची सपाट राहते. लबाड यंत्रे मुद्दाम उशीर करतात, पण नेमका हाच डाव या विशिष्ट माणसाला किती जड जाईल हे त्यांना ठाऊक नसते, म्हणून त्यांचा उशीर चुकीच्या जागी पडतो. आठ वर्षांत चाचणीने एकाही खऱ्या माणसाला यंत्र ठरवल्याचे सिद्ध झाले नव्हते. अहवालात हे वाक्य लिहिताना केतकी 'सिद्ध' या शब्दावर विसंबून असे.

स्वतःच्या टेबलावरचा आलेख पाहण्याची तिला मनाई होती. पण प्रत्येक चालीचा वेळ सर्वांना दिसत असे, आणि गेले नऊ रविवार ती मामांसमोर बसली होती. सोपे डाव एक सेकंद, अवघड डाव एक सेकंद. रेषा तिच्या डोळ्यांसमोर होती, आणि ती सपाट होती. हरकत घेतली तर ती टिकणार, याविषयी तिला शंका नव्हती. न घेतली, तरी नोकरीच्या अटीनुसार अशी रेषा दिसल्यावर अठ्ठेचाळीस तासांत कळवणे तिला बंधनकारक होते.

तिने चौथे बटण दाबले. 'तहकुबी': प्रत्येक खेळाडूला स्पर्धेत एकदाच मिळणारी चोवीस तासांची सवलत. वृद्धांच्या औषधपाण्याच्या वेळा सांभाळण्यासाठी ती ठेवली होती, पण पहिल्या वर्षी ती सर्वांत आधी मामांनीच मागितली होती. या वर्षी त्यांनी ती वापरली नव्हती.

सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास ती कराडला पोहोचली. दार शालनमामींनी उघडले.

"अगं बाई, तू? कळवायचंस तरी! नुसतं वांगं केलंय."

"चालेल मामी. मामा कुठे आहे?"

"मागे. जास्वंद छाटतायत. आधी एक फांदी तोडायची तर मला तीनदा बोलवायचे. आता सपासप. परवा दुकानाची पाटी बदलली. निळी की हिरवी, निळी की हिरवी, पस्तीस वर्षं चाललं होतं. लावली केशरी! मला विचारलंसुद्धा नाही."

"चांगली दिसते?"

"दिसते गं. तेच तर." मामींनी पदराने हात पुसले. "वैताग यायचा मला त्या विचारण्याचा. देवाला सांगायचे, ह्यांना एकदा स्वतःच्या मनानं काहीतरी ठरवू दे. आता ठरवतात, तर घरात माझं कामच नाही असं वाटतं."

केतकीने आवाज खाली आणला. "मामी, एक विचारू? रविवारी खेळताना मामाजवळ कोणी असतं? दुसरं एखादं यंत्र? कानात काही?"

"कानात कुठलं?" मामी म्हणाल्या. "डोक्यात आहे. तुला ठाऊकच आहे की."

केतकी उंबऱ्यात उभी राहिली.

तिला ठाऊक होते. चार महिन्यांपूर्वी मिरजेच्या रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर ती सात तास बसली होती. मामांना तीन वर्षे कंपवात होता. चष्म्याच्या दांडीचा स्क्रू बसवणे अशक्य झाले, मग सही, मग चहाचा कप. डॉक्टरांनी मेंदूत खोल दोन बारीक तारा सोडल्या आणि छातीत त्वचेखाली विद्युतस्पंद देणारा उत्तेजक बसवला. दुसऱ्या दिवशी मामा न हिंदकळता पाणी प्यायले तेव्हा मामींबरोबर केतकीही रडली होती.

त्या तारा जिथे संपत, त्या जागेविषयी तिने विद्यार्थिदशेत वाचले होते. मेंदूच्या तळाशी, एखाद्या दाण्याएवढा, बहिर्गोल भिंगाच्या आकाराचा एक पेशीसमूह. कंपवातात त्याचे स्पंदन बिघडते आणि हात थरथरतात. विजेने ते बिघडलेले स्पंदन मोडता येते. पण त्या दाण्याकडे आणखी एक काम असते. दोन पर्याय समोर येतात आणि दोन्ही सारखेच ओढतात, तेव्हा हा पेशीसमूह सर्व हालचालींना क्षणभर रोखून धरतो. तो ब्रेक असतो. 'थांब, अजून ठरलेले नाही,' एवढेच तो सांगतो. विजेने कंप थांबतो, आणि काही रुग्णांत त्याबरोबर हे थांबणेही थांबते. अवघड निवड ते सोप्या निवडीच्या वेगाने करू लागतात. या निरीक्षणाला कित्येक वर्षे होऊन गेली होती.

केतकीला दोन्ही गोष्टींची माहिती होती. तिने त्या जोडल्या नव्हत्या. चाचणीतही नव्हत्या.

"काय गं केतू!" मागच्या दारातून मामा आले. हातात कात्री, आणि हात दगडासारखा स्थिर. "तहकुबी घेऊन थेट कराड? माझी पानं बघायला आलीस की काय?"

"पानं सोडून काहीही बोलू या. मामा, खरं सांग. खेळताना कोणाचा सल्ला घेतोस?"

"नाही."

तेही लगेच आले. विचारताना केतकीच्या लक्षात आले नव्हते की या उत्तराचा तिला उपयोग नाही. मामांचे खरे आणि खोटे आता एकाच वेगाने येणार होते. आठ वर्षे जे एक उपकरण तिने विश्वासाने वापरले, ते या माणसापुढे निरुपयोगी होते.

मामांचा चेहरा मात्र उतरला. "मला विचारतेस हे? तुला पत्ते कोणी शिकवले?"

"तूच. म्हणून तर विचारते."

तिने त्यांना बसवून सगळे सांगितले. भिंगाच्या आकाराचा उल्लेख आला तेव्हा मामा म्हणाले, "म्हणजे त्याचा नंबर काढायचा राहिला होता म्हण की!" आणि मग, "मी थांबत नाही, हे मला कळत कसं नाही?"

"कळायला थांबावं लागतं."

मामांनी कपाटातून मोबाइलएवढा नियंत्रक काढला. डॉक्टरांनी त्यात दोन पातळ्या बसवून दिल्या होत्या. "एकवर हात अगदी स्थिर. दोनवर वीज कमी, थोडा कंप राहतो. म्हणाले, दोन्ही सुरक्षित आहेत, तुम्हाला बरं वाटेल ती ठेवा. मी तिथल्या तिथे सांगितलं, एक."

"तेव्हा कोणती चालू होती?"

"एकच."

केतकीने भिंगांची पेटी मागितली. लहानपणी सुट्टीत ती या पेटीजवळ बसून राहत असे. गिऱ्हाईक खुर्चीत, मामा एक भिंग चढवत, दुसरे चढवत आणि विचारत, 'आता बरं, की आधीचं?' मनोमापनातली सर्वांत जुनी आणि सर्वांत प्रामाणिक पद्धत हीच आहे, हे तिला महाविद्यालयात कळले तेव्हा वर्गात तिला हसू आले होते. भिंग डोळ्यासमोर हलवून त्याचा नंबर सांगण्यात मामांचा हातखंडा होता. तिने भिंगांच्या चाळीस जोड्या लावल्या: वीस ढोबळ फरकाच्या, वीस अवघ्या पाव नंबराच्या. जोडीतले जाडे कोणते, एवढेच सांगायचे.

पातळी एकवर प्रत्येक जोडीला साधारण दोन सेकंद लागले. सोप्या वीसही बरोबर. अवघड विसांत बारा.

"बारा?" मामा म्हणाले. "शक्य नाही. डोळे मिटून पंधरा सांगेन मी."

त्यांनी पातळी बदलली. अर्धा तास गेला. मग डावा अंगठा हलू लागला, मग मनगट. मामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि पुन्हा आत गेल्या.

दुसऱ्या फेरीत मामांनी कोपर टेबलावर रोवून भिंग धरले. सोप्या जोड्या दोन सेकंदांत. अवघड जोड्यांवर ते अडले. भिंग पुढे, मागे, पहिले, दुसरे, पुन्हा पहिले, जीभ दातांत. सरासरी नऊ सेकंद. विसांत सतरा बरोबर. केतकीच्या वहीत रेषा चढत गेली.

एकच माणूस, चाळीस जोड्या, आणि चाचणी घेणारी त्याची भाची. असा पुरावा कोणत्याही नियतकालिकाने परत पाठवला असता, आणि परीक्षक केतकी असती तर तिनेही तोच शेरा मारला असता. तरीही ती रेषेकडे पाहत राहिली. कराडच्या या टेबलापाशी तिला ती पहिल्यांदा दिसली होती, नऊ-दहा वर्षांची असताना, आणि तेव्हा तिला तिचे नाव ठाऊक नव्हते.

"मग आता दोनवरच ठेवायचं म्हणतेस?" मामांनी विचारले.

"मी काही म्हणत नाही. तुझं डोकं आहे."

"एक सांगू? एकवर असताना मी शशीला फोन केला." शशिकांत हा मामांचा शाळेपासूनचा मित्र; एका लग्नातल्या अबोल्यापासून दोघांत बोलणे नव्हते. "एकोणीस वर्षं करू की नको, करू की नको. परवा केला. उचलून म्हणतो, 'गाढवा, किती वेळ लावलास!' ते दोनवर झालं नसतं, केतू. आणि ते चुकलेलं नाही."

"नाही चुकलेलं."

"आयुष्यभर मी लोकांना विचारत आलो, आता बरं की आधीचं. लोक फाडकन सांगायचे. हेवा वाटायचा मला."

वेग म्हणजे खरेपणा नव्हे, हे केतकीला सांगता आले असते. पण तिची सगळी कारकीर्द उशीर म्हणजे खरेपणा या गृहीतावर उभी होती, आणि सकाळपासून तेही डळमळले होते.

जेवण झाल्यावर तिने लीगच्या जुन्या नोंदी उघडल्या. शेवटी उघड झालेली पाने सर्वांना पाहता येत. नऊ रविवारांत मामांनी अवाजवी म्हणावी अशी रेज चौदा वेळा केली होती. ती डाव एकेक पाहत गेली, आणि सहाव्या डावाला थांबली. मग पुन्हा पहिल्यापासून मोजले. चौदांपैकी अकरा वेळा मामांच्या हातात दश्शी होती.

दोन पानांत निदान एक दश्शी योगायोगाने सात डावांत एकदा येते. चौदांत अकरा हा योगायोग नव्हता. आणि कोणतीही सल्लागार प्रणाली हे करणार नाही. तिच्या लेखी दश्शी हे गुलामाच्या खालचे पान, याहून अधिक काही नाही. दश्शीला रत्न मानणारा खेळ जगात वेगळाच आहे. मेंढीकोटात चौघे दोन जोड्यांत खेळतात, आणि सगळी झुंज चार दश्श्यांसाठी असते. दश्शीला तिथे नावच 'मेंढी' आहे. ज्या जोडीकडे मेंढ्या अधिक, तिची सरशी. चारही लाटल्या तर कोट. मे महिन्याच्या सुट्टीत मामा केतकीचे भिडू असत, आणि दर डावाला तेच बजावत: 'मेंढी एकटी सोडायची नाही, केतू. तिच्यामागे काहीतरी उभं करायचं.'

मामा पोकरमध्येही तेच करत होते. हातात मेंढी आली की तिच्यामागे टोकनांची भिंत उभी करत. विजेने त्यांचा विराम नेला होता. चूक नेली नव्हती. चूक जिथल्या तिथे होती, पन्नास वर्षे जुनी, आणि सर्वस्वी त्यांची.

मामांनी काय धरले आहे, हे तिला आता बरेचसे ठाऊक होते. पण तिने ते पान बाजूला ठेवले. त्याआधी दुसरे काम होते.

उपान्त्य फेरीत दोन खेळाडू एका छताखाली असू नयेत असा नियम होता, म्हणून साडेतीनला ती रस्ता ओलांडून मामांच्या बंद दुकानात गेली. निघताना तिने विचारले, "नियंत्रक कितीवर ठेवतोस?"

मामांचा हात मांडीवर थरथरत होता. त्यांनी तोंड उघडले, मिटले, खिडकीबाहेर पाहिले.

"विचार करून सांगतो," ते म्हणाले.

केशरी पाटीखालचे दार उघडून केतकी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. समोर अक्षरांचा तक्ता होता. तिने संस्थेला अहवाल लिहायला घेतला, आणि लिहिताना तिला बार्शीच्या निवृत्त शिक्षिका आठवल्या. दोन वर्षांपूर्वी 'मनुष्य नाही' शेरा बसल्यावर त्यांनी पत्र पाठवले होते. पत्राच्या तिसऱ्या ओळीत 'माझ्या डोक्याचे ऑपरेशन झाले आहे' असे होते. केतकीने ती माहिती असंबद्ध ठरवून ठरावीक उत्तर धाडले होते. बाईंनी पुन्हा लिहिले नाही.

अहवाल लहान झाला. 'विराम-चाचणी सदोष आहे. मेंदूत उत्तेजक बसवलेल्या व्यक्तीला ती यंत्र ठरवू शकते. आजवर किती जणांना ठरवले, हे आपल्याला माहीत नाही, कारण आपण विचारले नाही. चाचणीचे प्रमाणपत्र स्थगित करावे आणि सर्व शेरे मागे घ्यावेत. सोबत एका खेळाडूची नोंद त्याच्या संमतीने जोडली आहे. तो माझा मामा आहे. म्हणून ही नोंद इतरांनी तपासावी.' बार्शीचा पत्ता तिने वेगळा लिहून घेतला. आठ वर्षांचे काम पाठवायला बोटाचा एक स्पर्श पुरला. त्याआधी ती चार मिनिटे थांबली होती.

साडेचारला टेबल पुन्हा उघडले. इस्पिक राजा, दोन नव्व्या, चौकी, दुर्री. मामांचा ढीग कालच्या जागी.

'हरकत' दाबली असती तर ती अजूनही जिंकली असती. स्थगितीचा निर्णय व्हायला दिवस लागणार होते. 'फोल्ड' केले असते तर मामांची पाने झाकलीच राहिली असती, आणि ती रेज यंत्राची नव्हती हे कोणालाच दिसले नसते. 'कॉल' करायचा तर एकाच गोष्टीवर भिस्त ठेवावी लागणार होती: मामांच्या चुकीवर. तिने कॉल केला.

मामांची पाने उलटली. बदाम दश्शी. इस्पिक दश्शी.

दोन मेंढ्या, आणि त्यांच्यामागे उभी केलेली सगळी इस्टेट. केतकी रिकाम्या दुकानात मोठ्याने हसली.

टेबलाखालच्या पट्टीत मामांचा संदेश आला. काल जिथे सेकंदात उत्तर येत असे, तिथे अक्षरे अडखळत, पुसली जात, पुन्हा उमटत होती. 'दोन्ही गेल्या. भिडू असतीस तर वाचवल्या असत्यास.'

मामांकडे थोडीच टोकने उरली होती. पुढचा हात वाटला गेला. केतकीने लहानशी चाल केली. आता पाळी मामांची. पडद्यावर नेहमीची ओळ उमटली: 'प्रतिस्पर्धी विचार करत आहे.' ही ओळ गेल्या नऊ रविवारांत मामांच्या नावापुढे वाचण्याइतकी टिकलीच नव्हती. पाच सेकंद गेले असावेत, मग दहा. त्यानंतर केतकीने घड्याळाकडे पाहिले नाही.

फोन वाजला. शालनमामी होत्या.

"अगं केतकी, हे मघापासून नुसते बसून आहेत. चहा दिला, तो बशीत सांडतोय. आणि मला विचारतायत, 'शालन, टाकू की ठेवू?' मला मेलीला काय कळतंय त्यातलं?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, दाखवा बघू पानं." मामींचा आवाज क्षणभर दूर गेला; त्या कोणाला तरी 'अहो थांबा की जरा, बघू द्या नीट' म्हणत होत्या. मग पुन्हा जवळ आला. "बाई गं, असं विचारलेलं तुमच्या खेळात चालतं ना? का उगीच ह्यांना बाहेर काढतील?"

खेळताना दुसऱ्याचा सल्ला घेणे लीगच्या नियमांत साफ निषिद्ध होते. ते कलमही केतकीनेच लिहिले होते. तिसरे बटण तिच्या बोटाखाली उजळलेले होते, आणि त्याच्या वर ती ओळ अजून तशीच होती: 'प्रतिस्पर्धी विचार करत आहे.'

"हरकत नाही, मामी," ती म्हणाली. "सावकाश होऊ दे."